सातव्या होलवरची काकू

आमच्या बेटावरच्या गोल्फच्या मैदानाला अठरा होल आहेत, पण पाहुणे विमानाचं तिकीट काढतात ते सातव्यासाठी. सातव्याचा चेंडू कड्याच्या टोकावरून मारायचा असतो. समोर समुद्र कातळ फोडून आत शिरलाय, आणि लाट आपटली की फेस पार वर, मारणाऱ्याच्या बुटांपर्यंत येतो. घळीच्या पलीकडे काळ्या कातळाची आडवी भिंत आणि तिच्यामागे ती गोल हिरवळ, जिच्यात चेंडू घालायचा खळगा असतो. मारणाऱ्याला हिरवळ दिसतच नाही. आधी समुद्र ओलांडायचा, मग कातळ, आणि मग न दिसणाऱ्या जागी चेंडू उतरवायचा. दहातले सात चेंडू पाण्यात जातात. लोक हसत हसत दुसरा काढतात. सुट्टीवर आलेल्या माणसाचं डोकं घरी राहिलेलं असतं, असं काकू म्हणायची.

काकू त्या कातळाच्या भिंतीवर उभी असायची. तिथे एक लाकडी मचाण होतं, वर पत्र्याचं छप्पर. तिच्या हातात दोन झेंडे. मागची हिरवळ रिकामी असली की पांढरा, तिथे कोणी असलं की लाल. चेंडू समुद्रात गेला तर दोन्ही हात खाली सोडायचे, म्हणजे समोरच्याने काय ते समजायचं. एवढंच काम. पण अकरा वर्षं ते तिने केलं, आणि मैदानावरचे सगळे तिला सिग्नल मावशी म्हणायचे. तिला ते आवडायचं. चाल बघून ती पाहुण्याचा चेंडू कुठे जाणार ते आधीच ठरवायची आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला नकला करून दाखवायची. एक पोटवाला पाहुणा काठी फिरवताना स्वतःच गिरकी घेऊन बसला, ती नक्कल तर आई पुन्हा पुन्हा करायला लावायची.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका काविळीने गेले तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं, माहेरचंही कोणी उरलं नव्हतं. वडिलांनी तिचं सामान उचलून आमच्या घरी आणलं आणि विषय संपवला. वडील मैदानावर माळी होते, सहा, सात आणि आठ या तीन होलच्या हिरवळी त्यांच्याकडे. मॅनेजरला सांगून तिला मचाणावरचं काम त्यांनीच मिळवून दिलं. मी रिसॉर्टच्या लाँड्रीत इस्त्रीवर होते. आम्ही तिघं सकाळी एकाच टेम्पोने जायचो, आणि आई मागून ओरडून एकाचा तरी विसरलेला डबा आणून द्यायची.

पुढचं सगळं मला त्या त्या वेळी कळलं नाही. पण घडलं त्या क्रमानेच सांगते.

काकूला कमी दिसायला लागलं होतं. समोरचं नीट दिसायचं, म्हणून आम्हाला कळलं नाही. तांदूळ निवडायला घेतले की ताट तोंडासमोर धरायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, मग म्हणायची, या घराची दारं कोणी आवळून बांधलीत. आम्ही हसायचो. एका सुट्टीच्या दिवशी ती बाजाराला जाते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटीच जाऊन आली. त्यांनी काचबिंदू सांगितला. यात कडेकडेचं दिसणं आधी जातं, माणूस नळीतून बघितल्यासारखा बघतो, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकेल. तिने थेंबांची बाटली घेतली, पावडरीच्या डब्यात लपवली आणि सोमवारी मचाणावर जाऊन उभी राहिली. मान जास्त फिरवायची, एवढंच तिने मनाशी ठरवलं.

दोन वर्षं ते निभलं.

तो मंगळवार होता. वारा सकाळपासून होता. वडील सातव्या हिरवळीच्या डाव्या कडेला गुडघ्यांवर बसून चेंडूंनी पडलेले खड्डे बुजवत होते. नियम असा होता की हिरवळीवर उतरताना माळ्याने काकूला हाक द्यायची आणि तिने लाल झेंडा वर करायचा. वडिलांनी हाक दिली असणार. त्यांनी ती चुकवल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. वाऱ्यात ती वर पोचली नाही. काकूने मागे वळून बघितलं, तिला खळग्यातली खुणेची काठी दिसली, भोवतीचं गवत दिसलं. कडेला वाकलेला खाकी शर्ट दिसला नाही. तिने पांढरा झेंडा दाखवला.

समोर कड्यावर एक निवृत्त इंजिनियर होता, पूल बांधणारा. सत्तरीचा, उंच, सडपातळ. बायकोबरोबर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला होता आणि या होलचं चित्र म्हणे त्याने घरी टेबलाच्या काचेखाली कितीतरी वर्षं ठेवलं होतं. बरोबर तिसरं कोणी नव्हतं. बायको त्याच्याकडे तोंड करून फोटो काढत होती, तिची पाठ कातळाकडे. त्याने पहिले दोन चेंडू समुद्राला दिले. तिसरा मात्र असा सुटला की घळ, कातळ, मचाण सगळं मागे टाकून पलीकडे उतरला. त्याने काठी वर उचलली. आयुष्यात इतका चांगला चेंडू मारला नव्हता, हे त्याने नंतर आम्हालाच सांगितलं, आणि सांगताना त्याची मान खाली होती.

चेंडू वडिलांच्या कानामागे लागला.

काकूने आवाज ऐकला आणि ती वळली. तेव्हा वडील दिसले. ती मचाणाची शिडी न धरता खाली उतरली, दोन्ही गुडघे फोडून घेतले. लाँड्रीत निरोप आला तेव्हा मी चादरी दुमडत होते. धावत पोचले तर वडिलांना बॅटरीच्या गाडीत आडवं केलेलं, डोकं काकूच्या मांडीवर. मॅनेजर शेजारी उभा राहून विचारत होता, झेंडा कोणता होता? काकू म्हणाली, "लाल." तो शब्द कसा बाहेर पडला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. म्हणायची, तोंड माझं होतं, एवढंच आठवतं. मॅनेजरने लगेच लिहून घेतलं. त्याला ते सोयीचंच होतं. पोलिसांनीही तेच लिहिलं, पाहुण्याने लाल झेंड्याकडे दुर्लक्ष केलं, अपघात.

वडील सहा दिवस जिवंत होते, पण डोळे उघडले नाहीत. इंजिनियर रोज सकाळी दवाखान्यात यायचा. त्याच्या बायकोने थर्मासमध्ये चहा आणलेला असायचा. तो आईच्या हाती कप द्यायला जायचा आणि आई तोंड फिरवायची. मग तो व्हरांड्यातल्या बाकावर काकूशेजारी जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी मी पाण्याची बाटली भरून परत येत होते, तेव्हा त्याने तिला विचारलेलं ऐकलं.

"बाई, रागावू नका. झेंडा लालच होता?"

"लालच होता," काकू म्हणाली.

"मला पांढरा दिसला हो. मी शपथेवर सांगितलं असतं."

त्याची बायको हळू आवाजात म्हणाली की दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुट्टीनंतर करू म्हणून पुढे ढकलू नका, असं सांगून तिने घसा कोरडा केला होता. त्याने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाला, असेल, लाल असेल. काकू उठून आत गेली. मला वाटलं, तिला त्याच्या शेजारी बसवेना.

सहाव्या दिवशी दुपारी वडील गेले. इंजिनियर अंत्यविधीला आला, सगळ्यांच्या मागे उन्हात उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेला.

आईचं दुःख रागावर जगलं. उठता बसता ती त्या म्हाताऱ्याचा उद्धार करायची. त्याचे हात झडोत, त्याला अन्न गोड न लागो, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार येवो. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, शेजारीण आली की तिच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून. काकू ऐकायची. काकूचं जेवण अर्ध्यावर आलं. मैदानावर तिने पाठ धरल्याचं सांगून काम सोडलं, आणि आम्हाला वाटलं ते स्वाभाविकच आहे, त्या जागी परत कोण उभं राहील?

सात महिन्यांनी ती घरातल्याच पायरीवरून पडली. पायरी तिच्या रोजच्या वाटेतली होती. मी हट्टाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ती तीनदा म्हणाली, परत जाऊ या. डॉक्टरांनी तिला बघितलं, कपाटातून जुना कागद काढला आणि चिडून मला म्हणाले, "दोन वर्षं नऊ महिन्यांपूर्वी यांना सगळं सांगितलंय मी. उंचावर उभं राहायचं काम करू नका, बाजूचं तुम्हाला दिसत नाही, हेही सांगितलंय. घरच्यांनी लक्ष नको द्यायला?"

मी मनात महिने मोजले. काकू खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

बाहेर औषधाच्या दुकानासमोर कठड्यावर बसून तिने मला सगळं सांगितलं. रडली नाही. क्रमाने सांगितलं, हाक ऐकू न आल्यापासून बाकावरच्या प्रश्नापर्यंत. मला तिची इतकी चीड आली की मी कठड्यावरून उठले. वडिलांनी हिला घरात आणलं, हेच डोक्यात फिरत होतं. आणि तरी पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं की आईला सांगू नकोस. आई मरेल, मी म्हणाले. खरं तर मला भीती आमच्या घराची होती. दोघी एका छपराखाली कशा राहणार? काकू म्हणाली, "तुझं काही नाही यात. मी बघते."

घरी आई भांडी घासत होती. काकूने तिला नळ बंद करायला सांगितला.

"पांढरा होता," ती म्हणाली. "मीच दाखवला. भाऊजी मला दिसलेच नाहीत. माझे डोळे गेलेत, ते मला माहीत होतं. आणि मी खोटं बोलले."

आई काकूशी नेहमी अहो-जाहो बोलायची. हातातलं पातेलं तिने पूर्ण घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग वळून म्हणाली, "सात महिने मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होते, तेव्हा तू समोर बसून जेवत होतीस?"

ते तिचं काकूशी पहिलं अगं-तुगं, आणि शेवटचंही. त्यानंतर ती तिच्याशी बोललीच नाही. घराबाहेर काढलं नाही. ताट वाढायची, ठेवताना आवाज करायची, म्हणजे काकूला कळावं ताट कुठे आहे. पण शब्द नाही.

काकू मला घेऊन मॅनेजरकडे गेली. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की आता प्रकरण मिटलंय, उगाच जुनी जखम कशाला उघडायची. काकू म्हणाली, जखम माझ्या घरची आहे, तुम्ही फक्त लिहा. तो जेवायला गेला, परत आला, ती तिथेच. शेवटी त्याने वैतागून सगळं लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. कुठे सही करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. पोलिसांनाही एक प्रत दिली. त्यांनी ती वाचली, तिच्याकडे बघितलं आणि फाइलला जोडली. पुढे काही झालं नाही. तिला शिक्षा झाली असती तर तिला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं, पण ती तसं कधी म्हणाली नाही.

इंजिनियरचा पत्ता रिसेप्शनवरच्या मैत्रिणीने रजिस्टरमधून काढून दिला. पत्र काकूने सांगितलं आणि मी लिहिलं. त्यात सबब एकही घालू दिली नाही. वाऱ्याचा उल्लेख मी केला होता, तो तिने खोडायला लावला.

उत्तर यायला दीड महिना लागला. त्याच्याच हातचं, अक्षर मोठं आणि सरळ. मी ते ओट्याजवळ उभी राहून मोठ्याने वाचलं.

"पत्र मिळालं. परत आल्यापासून मी गाडी चालवत नाही. नातीला कडेवर घेऊन जिना उतरत नाही. तीन डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू असला तरी लाल आणि पांढऱ्यात तुमचा घोळ होणं शक्य नाही. मी त्यांनाच मूर्ख ठरवलं. आता कळलं की माझं बरोबर होतं. हलकं वाटायला हवं, पण वाटत नाही. चेंडू माझाच होता. तुम्हाला माफ केलं असं मी लिहावं, असं बायको म्हणते. मला ते अजून जमत नाही. खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहीत नाही."

आई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबलेले मला दिसत होते. वाचून झालं तसं ते पुन्हा चालू झाले.

काकूने मला नातीबद्दलचं वाक्य परत वाचायला सांगितलं. ऐकलं. मग म्हणाली, "एक कार्ड घे. लिही, पत्र पोचलं."

मी विचारलं, अजून काही लिहू का?

"नको," ती म्हणाली. "त्यांना पुन्हा उत्तर द्यावं लागेल असं काही लिहू नकोस."

मी तेवढंच लिहिलं, खाली तिचं नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना कार्ड पेटीत टाकलं.