मास्तरांची तब्येत

देवालाही घाई करायला लावणारा माणूस औरंगाबादेत एकच होऊन गेला: आमच्या छावणीतल्या चर्चचे पेटीवाले मास्तर. आमची मंडळी गीत गाते म्हणजे भरलेली बैलगाडी चढावर ओढते. मास्तरांना ते सोसत नसे. मधेच पेटी थांबवून ते म्हणत, "अहो, स्वर्ग पळून नाय चालला, पण असं रेंगाळलात तर दार लागंल की!" पाळकांचा उपदेश लांबला की ते भाता हळूच दाबत, पेटीतून एक सुस्कारा निघे आणि पाळकसाहेब थेट 'आमेन'वर येत. एकदा पिशोरला भजनासाठी निघालो, तर एस.टी.त पेटीसाठी वेगळी सीट मागून ते कंडक्टरशी भांडले. "म्हातारी हाय हो ही, उभी नाय राहू शकत."

घरी दोघंच: मास्तर आणि मूळचे बिडकीनचे एक टेलर. मास्तरांचे कोट टेलर शिवीत, मास्तर त्यांना भाकरी थापून वाढीत. अशी वीसेक वर्षं गेली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मग नव्या पाळकांनी मंडळीतल्या कुटुंबांची यादी नव्यानं करायला घेतली. घरोघर फॉर्म गेले. टेलरांच्या नावापुढं, नात्याच्या रकान्यात, मास्तरांनी सरळ 'जोडीदार' लिहिलं.

कमिटीचा सेक्रेटरी मी. ते खोडून आणायला मलाच धाडलं. टेलर चहा ओतत म्हणाले, "लिहा ना भाडेकरू. आपल्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मास्तर म्हणाले. "अन् सेक्रेटरी, शाईनं लिहिलंय. खोडलं तर कागद फाटंल."

कमिटीनं त्यांची पेटी आणि प्रभुभोजन, दोन्ही बंद केलं. ठरावाला मीही हात वर केला. वर रजिस्टरात लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणाने मास्तरांनी स्वेच्छेने पेटी सोडली.' ते वाचून मास्तर खो खो हसले. "कमाल हाय! मी आजारी पडलो अन् मलाच पत्ता नाय!"

यायचे मात्र थांबले नाहीत. दोघं शेवटच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की मास्तर ते काही न घेता, दोन्ही हातांनी जपून शेजाऱ्याकडे देत. गीत रेंगाळलं की मास्तरांच्या काठीचे फरशीवर ठोके पडत, आणि नवा पेटीवाला निमूट त्या तालावर येई. आधी टेलर गेले, मागोमाग मास्तर.

मागच्या महिन्यात मंडळीची सभा झाली. अशा माणसांना सभासद करावं का, पाळक म्हणून घ्यावं का, यावर वाद पेटला. एक जण म्हणाले, "आपल्यात असलं कधी नव्हतंच. जुनं रजिस्टर बघा." रजिस्टर आलं. अक्षर माझं होतं. मी उठून म्हटलं, "हे मी खोटं लिहिलंय," आणि समासात शाईनं लिहिलं, 'मास्तरांना आम्ही काढलं. माझाही हात वर होता. त्यांची तब्येत ठणठणीत होती.'

निर्णय अजून व्हायचा आहे. मी हल्ली शेवटच्या बाकावर बसतो. मंडळी अजून तशीच ओढत गाते. परवा न राहवून मी माझी काठी उचलली, पण ठोका काही देववला नाही; काठी हळूच खाली टेकवली आणि त्या संथ सुरात सगळ्यांबरोबर गात राहिलो.