अण्णाजी गुरवाचा बेलभंडारा

वर्ध्याकडच्या आंजीपासून दोन कोसांवर, नाल्याच्या काठी आमच्या गावचा महादेव. त्याचा पुजारी अण्णाजी गुरव. अंगानं वाळका, बोलायला थोडका. पण गावातलं भांडण विकोपाला गेलं की शेवटचा शब्द त्याच्या तबकाचा. पितळी तबक, त्यात पिंडीवरचा बेल, आणि वर चिमूटभर भंडारा, म्हणजे हळदीची पूड. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद असो की हरवलेल्या गोऱ्ह्याचा, ज्याच्यावर आळ त्यानं नाल्यात बुडी मारून ओलेत्यानं यायचं, बेल उचलायचा आणि बोलायचं. खोटा माणूस असला की त्याचा हात तबकापाशी येऊन थरथर कापायचा, आणि तो तिथंच कबूल व्हायचा. तीस वर्षं अशी गेली. तेवढ्या काळात गावचा एक तंटा वर्ध्याच्या कोर्टात गेला नाही. अण्णाजीला याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

मग पहिली निवडणूक आली. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र. पडद्याआड जायचं आणि मनाला येईल त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. गरिबाला मिळालेला तो पहिलाच आडोसा होता.

गावचे जुने मालगुजार, म्हणजे सारा वसुलणारे जमीनदार, नानाजी. मालगुजारी गेली होती, मिशी राहिली होती. ते एका पक्षाचे पुढारी झाले. पक्षाचं नाव मी घेत नाही, जीभ विटाळते. त्यांच्या उमेदवाराची निशाणी शिडी होती, एवढं पुरे. एका सकाळी ते देवळात आले.

"अण्णाजी, पडद्यामागं माणूस काय करते, ते कोनाले दिसते?"

"देवाले दिसते."

"तेच तं म्हणतो मी! मंग देवालेच कामी लावा. सारा गाव बेल उचलू द्या, शिडीच्याच पेटीत चिठ्ठी टाकीन म्हणून."

अण्णाजीला त्यात वावगं दिसलं नाही. उलट त्याला वाटलं, मत म्हणजे मोठी पवित्र चीज, तिला महादेवाची साक्ष पाहिजेच. एवढं मोठं राज्य उभं राहतंय आणि त्याच्या पायाशी आपलं तबक! इथंच तो चुकला. सोमवारी दोनशे अकरा माणसांनी बेल उचलला. दुसरं कोण उभं राहणार, हे तेव्हा गावाला ठाऊकही नव्हतं.

आठ दिवसांनी कळलं, अच्युत मास्तर उभे आहेत, छत्रीच्या निशाणीवर. मास्तर आंजीच्या शाळेतले. दोन वर्षांमागे गावात हैजा आला, सोयरेधायरे दारातून परत फिरले, तेव्हा हा माणूस घरोघरी पाणी उकळून पाजत होता, ओकाऱ्या काढत होता. जयवंताबाईची सून नलू त्याच्याच हातानं वाचली. जयवंताबाई धावत देवळात आली.

"बुवा, माहा बेल सोडवा. मले मास्तराले मत द्याचं हाय."

"बाई, उचललेला बेल सुटत नाई."

"मले का ठाऊक होतं मास्तर उभे राह्यतीन म्हणून?"

"शब्द तो शब्द. उद्या एखादा धुऱ्याची शपथ सोडवून मागंन, तं मी काय करू?"

ती रडली. अण्णाजी हलला नाही.

मतमोजणीत आमच्या केंद्राची छत्रीची पेटी उघडली, तर आत एकही चिठ्ठी नव्हती. ज्या गावात मास्तरांनी रात्री जागवल्या, त्या गावानं त्यांना कोरडी पेटी दिली. शिडीवाला निवडून आला. त्यानंतर तो गावाला दिसला नाही.

पाच वर्षं गेली. राज्य बदललं, राजधानी बदलली, आपण मुंबईला जोडले गेलो. नानाजींना त्यांच्या पक्षानं तिकीट दिलं नाही, तर त्यांनी पक्षही बदलला. आता स्वतःच उभे होते, तराजूच्या निशाणीवर. काल ज्यांना चोर म्हणत होते, आज त्यांच्याच जीपमधून आले. देवळापुढं सारा गाव जमवला.

"काढा तबक, अण्णाजी."

"कायले?"

"मागच्यासारखंच. आता तराजू."

"मागच्या शपथेचं काय केलं?"

"ते पाच वर्साचं होतं, सरलं!" नानाजी हसले. लोकही हसले.

अण्णाजी खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "गावानं उचलाच्या आधी तुमी उचला. पाच वर्सं याच पक्षात राहीन, म्हणून बोला."

त्याला वाटलं, हात कापेल. पस्तीस वर्षांत खोट्याचा हात कापला नाही असं झालं नव्हतं. नानाजींनी पान गालात सारलं, जोडे न काढता पायरी चढले, आणि भाजीवाल्याच्या टोपलीतून मेथी उचलावी तसा बेल उचलला. "राहीन बाप्पा, राहीन. झालं? आता लोकायले येऊ द्या." हात कापला नाही. बोटांना भंडारा लागला, तो त्यांनी धोतराला पुसला.

 अण्णाजीनं तबक उचललं, नाल्यापाशी गेला आणि बेल, भंडारा सगळं पाण्यात उलटं केलं.

"आजपासून हे बंद. मागची शपथ सुटली. नवी मी देणार नाई. ज्याले जिथं टाकाचं तिथं टाका."

"गुरवकी दुसऱ्याले देईन," नानाजी म्हणाले.

"द्या. तबक रिकामं हाय, घेऊन जा."

नानाजींच्या रागाचं त्याला काही वाटलं नाही. पण गर्दीतून तानबा पुढं आला. हा तानबा म्हणजे धुऱ्याच्या वादात ज्याचा हात तबकापाशी कापला होता आणि जो रडत कबूल झाला होता, तोच. समजावणीच्या सुरात म्हणाला, "बुवा, एवढं काऊन ताणता? नानाजी विहीर बांधून देऊन राह्यले. तोंडानंच तं म्हणाचं होतं."

माणसांनी माना डोलावल्या. तोंडानंच तं म्हणाचं होतं! अण्णाजी एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिला. पुढाऱ्यांना लाज नसते, हे त्याला आज कळलं. पण त्यांची रोगट हवा आपल्या माणसांच्या अंगात कधी शिरली, ते त्याला कळलंच नाही. आणि ती आली होती याच देवळाच्या दारानं. पहिलं दार त्यानंच उघडून दिलं होतं.

तिथून तो सरळ जयवंताबाईच्या अंगणात गेला. ती सूप घेऊन तूर पाखडत होती.

"बाई, मागं मी तुले अडवलं. चुकलो."

"अडवलं तं खरंच." तिचं सूप थांबलं नाही. "निवडणुकीच्या मागून मास्तर आल्ते. याच वट्यावर बसून पानी पेले. 'एकानंबी नाई, बाई?' म्हने. मले तोंड वर करता आलं नाई. मंग ते बदली मागून चांद्याकडं गेले."

"आता मी बेल पाण्यात टाकला. आता तू मोकळी हायेस."

जयवंताबाईनं वर पाहिलं. "मोकळी होऊन टाकू कोनाले, बुवा? येकीकडं नानाजी. दुसरीकडं शिडीवर उभा राह्यलेला, कालपरवापावतर नानाजीच्याच जीपमधी बसनारा. तुमी सांगा, कोनत्या पेटीत टाकू?"

 ती पुन्हा पाखडायला लागली. फोलपट उडून अण्णाजीच्या धोतरावर येत होतं. ते न झटकताच तो निघाला.