तिच्या नावाचा न्यूट

प्राध्यापकांना उभ्या जन्मात दोनच गोष्टी जमल्या. न्यूटला नाव ठेवणं आणि बाकी साऱ्या जगाला नावं ठेवणं. न्यूट हा सॅलॅमँडरच्या घराण्यातला. दिसायला पालीसारखा, पण नात्यानं बेडकाचा भाऊबंद. बिचारा डबक्यात पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या नावावरून पिकल्या केसांची माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, हे प्राध्यापकांच्या बायकोनं लग्नाआधी ऐकलंही नव्हतं.

लग्नाच्या वर्षीच त्यांनी न्यूटच्या एका नव्या जातीला तिचं नाव दिलं. तिला खरंच आनंद झाला; तेव्हा ती बावळटच होती. दागिना नाही, सहल नाही, दिवाणखान्याच्या कपाटात स्पिरिटमध्ये बुडवलेल्या न्यूटची बरणी मात्र आली. पाहुणा आला की प्राध्यापक आधी बरणीकडे बोट दाखवत, मग तिच्याकडे. "ही ती. हिच्याच नावाचा." पाहुणा दोघांकडे आळीपाळीनं बघे. बरणीवरची धूळ अर्थात तिनंच पुसायची.

पुढे प्राध्यापकांच्या एका जुन्या मित्रानं आणखी एक नवा न्यूट शोधला आणि त्याला आपल्या लाडक्या कुत्रीचं नाव दिलं. प्राध्यापकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून घरात मित्राचं नाव 'गाढव' पडलं. "नवा कसला? जुनाच आहे तो!" त्यांच्या शास्त्रात एकाच प्राण्याला दोनदा नाव पडलं तर आधीचं टिकतं, नंतरचं बुडतं. मग काय, जेवताना ताटाशेजारी भिंग. मुलीच्या लग्नातही हा गृहस्थ व्याह्यांना न्यूटच्या पोटावरचे ठिपके समजावत बसला होता.

शेवटी एका संध्याकाळी ते उड्या मारतच स्वयंपाकघरात आले.

"छापून आलं! गाढवाचं नाव बुडालं! नुसत्या ठिपक्यांवरून न्यूट वेगळा ठरतच नाही, सिद्ध केलं मी!"

बायकोनं गॅस बारीक केला. इतकी वर्षं ऐकून तिलाही थोडंफार कळत होतं. "अहो, पण माझाही ठिपक्यांवरूनच वेगळा ठरवला होतात ना?"

"हो, मग तोही गेला. दोघंही त्यांच्याआधीच्या तिसऱ्याच जुन्या नावाखाली. अगं, शास्त्रात आपलं-परकं नसतं."

"म्हणजे कुत्रीचं नाव बुडवायला बायकोचं बुडवलंत."

"तू म्हणजे अगदी... दूध बघ, उतू जातंय."

तिनं ते जाऊ दिलं. तिला रडू आलं, आणि एका मेलेल्या न्यूटपायी रडू यावं याचा संतापही आला.

त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजातले एक गृहस्थ अभिनंदन करायला आले. प्राध्यापकांचं बोट सवयीनं बरणीकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. बायकोची ओळख दुसरी कशी करून द्यायची, ते त्या विद्वानाला सुचेना. शेवटी पाहुण्यांनीच विचारलं, "आपण?"

"ह्यांची बायको," चहा ठेवत ती म्हणाली. "नावाला होते. आता तेवढीही नाही."