पाठमोरा शॉट

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅमेऱ्यासमोर उभं केलं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? ते चालत माझ्या माईकखाली आले आणि मान वर करून त्याच्याशीच बोलू लागले!

चूक त्यांची नव्हती. तरुणपणी वैजापूरला गणपतीतली नाटकं त्यांनी गाजवली होती. तिथं रंगमंचावर माईक वरून लोंबकळायचे आणि ज्याचं वाक्य असेल त्यानं माईकखाली जाऊन घसा मोकळा करायचा, मग समोर राजा असो की बायको. आता सिडकोतल्या आमच्याच घरात मी लांब काठीला बांधलेला माईक त्यांच्या डोक्यावर धरला होता. काठी जिकडे नेईन तिकडे अप्पा सरकत होते. कॅमेऱ्यामागून मैत्रीण ओरडली, "चाचा, ऊपर नक्को देखो!" हसता हसता माझी काठी हलली आणि तोही शॉट गेला.

ही मैत्रीण मागच्या गल्लीतली, शाळेपासूनची. लघुपट तिचा, आवाज माझा. शूटिंगचा आवाज टिपणं हेच माझं पोटापाण्याचं काम, पण अप्पांना ते कधी पटलंच नाही. "जे दिसत नाय त्याची कसली नोकरी?" असं म्हणायचे. ते काम शिकायला मी पुण्याला निघाले त्या सकाळी ते दाराकडे पाठ करून बसले होते. 'नीट जा' एवढंही म्हणाले नाहीत. वर्षं झाली, तरी ती पाठ मला सलत होती. म्हणून तर मी हट्टानं त्यांना या शूटिंगमध्ये ओढलं. माझं काम त्यांना एकदा तरी कळावं, बस्स!

शेवटी मैत्रिणीनं सगळी वाक्यंच काढून टाकली. नवी मांडणी अशी: बाप पाठमोरा बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. मुलगी घर सोडून जाते, पण ती दिसत नाही. फाटक वाजतं, रिक्षा सुरू होते, एवढंच. फाटक वाजलं की बापाचे हात थांबायचे.

अप्पा फुगले. "तोंड दाखवायचं नाय, बोलायचं नाय, मग मला कशापायी बसवता? पोतं ठेवा की!"

तरी बसले. मी हेडफोन लावले आणि अंगावर काटाच आला. कट्. कट्. एकेक शेंग माझ्या कानाशी फुटत होती. या आवाजावरून त्या बापाचं मन कळणार होतं, चेहऱ्याची गरजच नव्हती! कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून मुलीच्या जागी मैत्रीण स्वतःच बाहेर गेली. खाड्कन फाटक लागलं.

अप्पा शेंगा फोडतच राहिले. गेला हाही शॉट, असं म्हणून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. रिक्षा फुरफुरली, निघाली, गल्लीतून लांब लांब गेली. कट्. कट्. मग कोपऱ्यावर वळली आणि ऐकू येईनाशी झाली. नेमकं तेव्हा अप्पांचं हलणारं कोपर थांबलं. न फुटलेली शेंग चिमटीत तशीच राहिली. काय शॉट होता तो! आम्ही ठरवलं होतं त्याच्यापेक्षा दसपट चांगला. मला नाचावंसं वाटत होतं.

"अप्पा, फाटक वाजल्यावर थांबायचं ठरलं होतं ना?"

"फाटक वाजलं म्हंजी गेली व्हय ती?" ते न वळताच म्हणाले. "फाटकातून माणूस माघारी बी येतं. रिक्षा मेडिकलपाशी वळली की आवाज तुटतो. तवा गेली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू गेलीस तवा ऐकत बसलो व्हतो की. पाठ केली म्हणून कान मिटतेत व्हय?"

माईक अजून त्यांच्या डोक्यावरच होता. ते वाक्य माझ्या दोन्ही कानांत अगदी जवळून आलं आणि मी हमसून हमसून रडले. रेकॉर्डर चालू होता, त्यामुळे तेही नीट आलंय.