आपली कंपनी

काल माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उघडला आणि जळक्या धुळीचा तोच वास नाकात शिरला. आत तळाशी, गेमसाठी घेतलेलं माझं ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलेलं अजून होतं. त्याच्या पंख्यावरचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं.

कॉलेजात मी या कार्डाच्या कंपनीला 'आपली' म्हणायचो. निफाडचा माझा मित्र सुनील दुसऱ्या कंपनीचं कार्ड वापरायचा, एवढ्यावरून मी महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. मग त्याच्या कंपनीने माझी कंपनी विकत घेतली, आणि नेमकं तेव्हाच माझं कार्ड जळलं. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "वॉरंटी गेली कंपनीबरोबर." घरी येऊन मी नखाने ते स्टिकर खरवडत बसलो होतो.

सुनीलला कळलं तसं त्याने स्वतःचं जुनं कार्ड द्राक्षाच्या खोक्यात घालून आणून दिलं. "घे, राग नको धरू. आता दोघांची एकच कंपनी हाय."

स्टिकरवरच्या त्या कंपनीची तेव्हा किळस आली होती. आज स्वतःची येते. कारण आठवडाभरातच मी वर्गातल्या तिसऱ्याच कंपनीच्या कार्डवाल्याशी भांडत होतो, सुनीलच्या कंपनीची बाजू घेऊन, आणि तिलाही 'आपली' म्हणत होतो.