अण्णांना सांगितलेला शब्द

पिशोरच्या स्टँडवर अण्णांनी माझी पेटी एसटीत चढवली, तेव्हा आमच्या मोसंबीच्या बागेला दोन उन्हाळे पुरेसं पाणी मिळालं नव्हतं. "तिकडं नळाला पाणी येतं. इंग्रजी शीक. हितला घोर करू नको," एवढंच अण्णा, माझे वडील, बोलले. औरंगाबादेत आत्याकडं राहून मी गुलमंडीजवळच्या इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले.

एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "उद्या साहेब येनार हाय, बागांचा पंचनामा कराया. त्यास्नी इंग्रजीतच सांगतो. बाग वाळली, याला काय म्हनत्यात?"

त्याच दिवशी क्लासात विरुद्ध अर्थाचे शब्द झाले होते. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "फ्लरिश." अण्णांनी तो तीनदा घोकला आणि फोन ठेवला. मग मी सहज वही उघडली. फ्लरिश म्हणजे बहरणं. वाळणं म्हणजे विदर. लगेच फोन लावला, तर बंद. गावात लाइट नसणार, चार्जिंग संपलं असणार.

सकाळच्या पहिल्या गाडीनं कन्नड गाठलं, तिथून जीप. सगळ्या वाटेनं एकच डोक्यात. साहेबांनी बाग बहरली असं लिहून नेलं, तर?

पोचले तोवर साहेब येऊन गेले होते. अण्णा वाळक्या झाडांत उभे होते.

"सांगितलं गं, फ्लरिश सर म्हनून. साहेब हसले. मंग त्यांनी फांदीला हात लावला, ती कटकन मोडली. कागदावर लिहून निघाले."

"लिहिलं काय?"

"वाळली म्हनून. मराठीतच."

मला रडू आलं. माझी चूक सांगून टाकली. साहेब का हसले, ते अण्णांना आत्ता कळलं. "म्हंजी लोकांम्होरं मी येडा झालो व्हय," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "जेवलीस का?"

पुढच्या वर्षी बाग तोडली. मी शहरातच राहिले, आता मुलांना इंग्रजी शिकवते. आमच्या खिडकीसमोरची शेतं जाऊन तिथं फ्लॅट झालेत. अण्णांचा फोन आला की अजून हात आधी शब्दकोशाकडं जातो. काहीतरी विचारतील, घाईत मी चुकीचं सांगेन, आणि निस्तरायला तिथं नसेन. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलंय, ही धास्ती. ती ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मी खरंच गाव सोडलं असं समजा.