कल्चरमध्ये काही उगवलं नाही

मंगळवारी दुपारी, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या हॉस्पिटलात, डॉक्टरबाई म्हणाल्या, “अक्यूट पॅन्क्रिअटायटिस.” म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज. पित्ताशयातला एक खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला होता आणि अन्न पचवणारे रस स्वादुपिंडालाच पचवायला लागले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. पोटातली कळ पाठीपर्यंत जात होती. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ताप एकोणचाळीसच्या वर गेला. सीआरपी, म्हणजे अंगात किती दाह आहे ते सांगणारी रक्ततपासणी, तीही भरमसाट वाढली. अँटिबायोटिक कधी सुरू करणार, असं मी विचारलं.

“आत्ता नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जंतूंची काही खूण नाही.”

इथं राहणाऱ्या आपल्या लोकांना माझी अवस्था वेगळी सांगायला नको. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, कशालाही पॅरासिटामॉल देतो यावर आपण दर गणपतीला हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही. माझा चेहरा बघून डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या.

“शरीराचे पहिले पहारेकरी कुणाला नावानं ओळखत नाहीत,” त्या म्हणाल्या. “जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, त्या त्यांना कळतात. आणि पेशीच्या आतला माल बाहेर सांडलेला कळतो. तुमच्या पेशी फुटल्या आहेत, माल सांडला आहे. घंटा दोन्ही वेळा एकच वाजते. नुसत्या तापावरून फरक कळत नाही.”

मी मान डोलावली आणि विश्वास मुळीच ठेवला नाही. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला, निखिलला, घरून औषधांचा पाऊच आणायला सांगितलं. पुण्याहून निघताना आई दर वेळी तो भरून देते. त्यात अँटिबायोटिकच्या दोन स्ट्रिप्स होत्या. पाणी प्यायची परवानगी होती. सकाळ-संध्याकाळ, नर्सची पाठ वळली की एक गोळी. घरचं काही औषध घेताय का, असं तिनं एकदा विचारलं. मी नाही म्हटलं.

ताप थोडा उतरला आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. पुढच्या बुधवारी तो थंडी वाजून परत आला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की स्वादुपिंडाचा एक भाग मेला आहे. आता सगळं एका प्रश्नावर आलं. मेलेल्या भागात जंतू नसतील, तर त्याला हात लावायचा नाही. असतील, तर औषध आणि नळी घालून निचरा, नाहीतर विष रक्तात पसरणार. त्यासाठी ब्लड कल्चर घेतलं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते बघायचं.

दोन दिवस मी दाराकडे बघत काढले. शुक्रवारी दुपारी डॉक्टरबाई हसत आल्या. “काही उगवलं नाही.”

निखिलनं सुटकेचा श्वास सोडला. मी घेतलेल्या गोळ्या मनात मोजल्या. मी नोकरीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. इनपुट चुकीचा असला की ‘पास’ला काही अर्थ नसतो, हे मी रोज ज्युनियर मुलांना ऐकवते. त्या बाटलीतल्या रक्तात माझ्या गोळ्यांचं औषध होतं; जंतू असले तरी ते त्यात वाढले नसते.

मी निखिलला मराठीत म्हटलं, “सांगू या.”

“आता कशाला? रिपोर्ट चांगला आलाय ना,” तो म्हणाला. “उगाच चिडतील.”

मलाही तीच भीती होती. मरायची होती त्याहून जास्त, ही लाजिरवाणी गोष्ट आहे पण खरी आहे. मी सांगितलं. रडत, अर्धवट इंग्रजीत.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. गोळीचं नाव विचारलं, किती घेतल्या ते विचारलं, आणि म्हणाल्या, “मग या रिपोर्टवरून मला काहीच ठरवता येणार नाही.” गोळ्या बंद. कल्चर पुन्हा, आणि लागोपाठ. शनिवारी मी इतकी कुडकुडत होते की पलंगाचा कठडा वाजत होता. रविवारी जंतू उगवला.

त्याच दिवशी नेमकं औषध सुरू झालं आणि कुशीतून नळी घातली. पुढचे तीन आठवडे वाईट होते, पण ते उताराचे होते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर भ्यायला हरकत नाही, मीही भ्यायले. फक्त काय पोटात घेतलंय ते लपवू नका.

घरी जाताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, “मी बोलले नसते तर?”

त्या म्हणाल्या, “मी तो रिपोर्ट खरा मानला असता. त्या शनिवार-रविवारी मला सुट्टी होती, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनीही तोच रिपोर्ट धरला असता. सोमवारी आले असते.” मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “सोमवारी तुम्ही भेटला असता की नाही, मला माहीत नाही.”